गावाकडची भांडी फ्लॅटमध्ये आली आणि हिरवी पडली

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. खानापूरकडचं जुनं घर वाटणीत गेलं आणि सासूबाईंची भांडी तुमच्या वाट्याला आली: तांब्याच्या दोन घागरी आणि बंब, पितळेची तीन पातेली, काशाची सहा ताटं, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा नि कढई, पीठ मळायची लाकडी काठवट. ती घेऊन मे महिन्यात तुम्ही बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आलात. सगळं धुऊन, कागदात गुंडाळून गॅसच्या वरच्या माळ्यावर ठेवलंत. गणपतीला काढायला गेलात तर पितळ हिरवं, तवा तांबडा, काठवटीला बुरशी. आता विचारताय, यांच्यासाठी कसलं कपाट करून घेऊ, की सगळं मोडीत घालून स्टील आणू?

कपाटाकडे नंतर येते. मला विचाराल तर तुमची अडचण जागेची कमी आणि ओलीची जास्त आहे. हीच भांडी गावातल्या घरात दोन पिढ्या नांदली, तीही खानापूरच्या पावसात. तुमच्याकडे मात्र चार महिन्यांत त्यांची ही दशा झाली. ती कशामुळं, एवढं लक्षात आलं की कपाट कसलं हवं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

बेळगावात आमचं भांड्यांचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे २८ वर्षं, मी गल्ल्यावर बसते. मामंजी होते तोवर दुकानामागच्या बोळात कल्हईची भट्टीही चालायची. गणपतीच्या आधी पंधरा दिवस बायका पिशव्या भरून हिरवी भांडी घेऊन येतात, आणि बहुतेकींची कहाणी तुमचीच असते.

गावातल्या स्वयंपाकघरात चूल सकाळी पेटली की रात्रीपर्यंत निखारा असायचा. मांडणी चुलीशेजारच्या भिंतीला, फळीवर भांडी पालथी. बाहेर आठ-आठ दिवस झड लागली तरी घरातली तेवढी एक खोली कोरडी. शिवाय घागर रोज विहिरीवर जायची, रोज चिंच-राखेनं घासली जायची. पुट चढायला तिला सवड कुठली? फ्लॅटमध्ये सगळं उलट. गॅस जळतो तेव्हा त्यातूनच पाण्याची वाफ निघते, त्यात कुकरच्या शिट्ट्या, आणि ती सगळी वाफ चढते वर, नेमकी माळ्यावर. म्हणजे घरातली सगळ्यात दमट जागा तुम्ही पितळेला दिलीत. त्यात कागद. तो ओल धरतो आणि धातूला चिकटून बसतो. मीही नवी नवरी असताना जूनमध्ये एक घागर अशीच वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. काढली तेव्हा तिच्या पोटावर ‘वधू पाहिजे’ची जाहिरात उलट्या अक्षरांत उमटलेली. आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, ती फिरवून फिरवून बघत म्हणाल्या, “घागरीचं लग्न ठरवालीस काय गं?”

पुढचं सगळं तुमच्या घरावर अवलंबून आहे. अथणीकडची एखादी बाई हे वाचत असेल तर तिला यातलं निम्मंही करायला नको. तिकडं पाऊस जेमतेम, माळ्यावर ठेवलेलं भांडं वर्षभर तसंच्या तसं निघतं. जांबोटी-कणकुंबीकडं, धो-धो पावसाच्या घाटात, मात्र मी सांगतेय त्याच्या दुप्पट काळजी घ्यावी लागेल. तुम्ही मधल्या आहात. दुसरं, तुमच्याकडे गॅस आहे म्हणून बरं. इंडक्शनवर तांबं-पितळ तापतच नाही, बीड तापतं. तिसरं, भांडी घासतं कोण? कामाच्या मावशी तारेच्या घासणीनं सगळं एकत्र घासणार असतील, तर तवा आणि कल्हईचं पातेलं त्यांच्यापुढं टाकूच नका. ही दोन तुम्हीच धुवायची.

आता एकेक भांडं घेते. पितळेवर जरा रेंगाळणार आहे, कारण गैरसमज तिथंच जास्त.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट लागलं की दोन्ही पदार्थात उतरतात, चव कडवट होते, आपण म्हणतो आमटी कळकली. असलं खाल्लं तर मळमळ, उलटी होऊ शकते. म्हणून आतून कल्हई. कल्हई म्हणजे शुद्ध कथलाचा (टिनचा) पातळ थर. भांडं भट्टीवर तापवायचं, नवसागराची भुकटी टाकायची, पांढरा धूर उठतो, त्यातच कथलाची पट्टी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं सरसर फिरवायची. काळपट भांडं डोळ्यांदेखत चांदीसारखं होतं. कथलात शिसं मिसळणारेही असतात, म्हणून मामंजी पट्टी विकत घेताना कानाशी धरून वाकवायचे. शुद्ध कथील वाकवलं की आतून कुरकुर आवाज येतो. भेसळ असली की तो आवाज दबतो. व्यापारी भाव सांगत राहायचा आणि हे डोळे मिटून पट्टी वाकवत बसायचे.

आता वापराचं. कथील २३२ अंशांना वितळतं. पातेल्यात पाणी, डाळ, भात आहे तोवर तापमान शंभराच्या आसपासच राहतं, काही होत नाही. पण रिकामं पातेलं मोठ्या आचेवर ठेवून तुम्ही फोन घ्यायला गेलात, तर पाच मिनिटांत कल्हई वितळून तळाशी मणी होतात. माझ्याकडून एकदा झालंय, ऐन दिवाळीत. तेव्हा फोडणी वेगळ्या लोखंडी पळीत करून वरून ओता, रवा-दाणे भाजायला हे पातेलं घेऊ नका, आणि ढवळायला लाकडी डाव वापरा. रोज वापरलंत तर चार-सहा महिन्यांनी कल्हई लागेल, सणावारी वापरलंत तर वर्षभर किंवा जास्तही टिकेल. आत पिवळा धातू डोकावायला लागला की त्यात चिंच, कोकम, टोमॅटो, ताक काही घालायचं नाही. तीन पातेल्यांपैकी मधलं एक कल्हई करून रोजच्या आमटीला काढा. तुमच्या चौघांच्या घराला ते पुरेल, आणि आमटीला जी गोडी येते ती मला कुकरातल्या वरणात कधी मिळाली नाही. हे माझं मत, भांडणार नाही.

आत्ता आलेलं हिरवं कसं काढायचं? चिंचेचा कोळ आणि मीठ, किंवा अर्धं लिंबू आणि मीठ. पितांबरीही चालते. चोळायचं, पण आंबट लावून भांडं तसंच ठेवून जेवायला बसायचं नाही, नाहीतर तासाभरात लालसर डाग पडतात. लगेच भरपूर पाण्यानं धुवा, फडक्यानं पुसा, आणि नंतर दहा मिनिटं उन्हात ठेवा. ऊन नसेल तर भाकरी झाल्यावर गरम तव्याच्या शेजारी पालथं घाला. पुसलं म्हणजे कोरडं झालं असं धरू नका. काठाच्या दुमडीत आणि कडीच्या रिबिटाखाली पाणी लपून बसतं. हिरवं नेहमी तिथूनच सुरू होतं, तुमच्या पातेल्यांवर बघा.

बिडाच्या तव्याला गंज चढला म्हणून तो वाया गेला असं अजिबात समजू नका. आपल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्र्यांमध्ये यंत्रांचे भाग ओततात तोच हा प्रकार, ओतीव लोखंड. पडला तर फुटेल, पण गंजानं सहसा मरत नाही. जाड मीठ आणि नारळाच्या शेंडीनं गंज घासून काढा, धुवा, लगेच आचेवर ठेवून पूर्ण वाळवा. कोमट असताना करडईचं किंवा जवसाचं तेल बोटभर घेऊन आत-बाहेर चोळा, मग कोरड्या फडक्यानं पुसून टाका, जणू तेल लावलं ही चूकच झाली. एवढा पातळ हात राहिला पाहिजे. मग तवा पालथा करून मध्यम आचेवर धूर यायचा थांबेपर्यंत तापवा. असं तीन-चार वेळा. तेल जळत नाही, ते घट्ट होऊन तव्यावर काळा थर धरतं, आणि पाणी त्या थराच्या बाहेर राहतं. जास्त तेल लावलंत तर थर चिकट होतो, त्यावर धूळ बसते, मग लोक म्हणतात बीड काही जमत नाही बाई.

खोबरेल मात्र बिडाला लावू नका. ते वाळत नाही, नुसतं तेलकट राहतं. त्याच कारणानं ते लाकडाला चांगलं, तिथं येतेच. आणि तव्यावर टोमॅटोची भाजी शिजवायची नाही, थर सुटतो. भाकरी, थालीपीठ, डोसे, आंबोळ्या, हवं ते करा. खरं सांगायचं तर शाळूच्या भाकरीसाठी रोज तापणाऱ्या तव्याला साठवायचा प्रश्नच येत नाही. तो गॅसवरच राहतो.

काशाची ताटं ऐका. कासं म्हणजे साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील, म्हणून त्याला कल्हई लागत नाही. पण कासं ठिसूळ. पितळ पडलं तर पोचतं, कासं पडलं तर तडकतं. एकदा सहा ताटं एकावर एक ठेवून मी वरचं पातेलं काढायला हात घातला, तळातलं ताट निसटलं आणि फरशीवर त्याचा काठ गेला. त्या ताटावर माझ्या आजेसासूबाईंचं नाव ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं होतं, ‘माहेराकडून’ असं लिहिलेलं. ते अजून ठेवलंय, कुंडीखाली. तुमची ताटं बोटाच्या पेरानं वाजवून बघा. चांगलं ताट घंटेसारखं बराच वेळ घुमतं, तडा असलेलं फटकन थांबतं. तडा गेलेलं जेवायला घेऊ नका. बाकीची उभी ठेवा, पुस्तकांसारखी, मधे जुन्या सुती साडीच्या पट्ट्या घालून. ताटात दही किंवा लोणचं रात्रभर राहू देऊ नका, एवढंच पथ्य. घासायला राख किंवा साधा साबण पुरतो.

घागरी सोप्या. एक पाण्याला काढा. रात्री भरलेलं पाणी सकाळी प्यायला छान, पण त्यात लिंबू पिळायचं नाही आणि ताक तर नाहीच. दुसरी शोभेला ठेवायची असेल तर बैठकीत ठेवा, स्वयंपाकघरात नको. बैठकीत वाफ नाही, त्यामुळं ती हिरवी न पडता हळूहळू तपकिरी होते, आणि ती तपकिरी मला लखलखीतपेक्षा आवडते. बाजारात लाखेचा चकचकीत हात मारलेली तांब्याची भांडी मिळतात, ती शोभेला ठीक. तसली असतील तर चिंचेनं घासू नका, थर चट्ट्याचट्ट्यानं निघतो.

काठवट. बुरशी आली असेल तर पाण्यात भिजत घालू नका, लाकूड फुगून वाळताना चिरतं. कोरड्या ब्रशनं बुरशी झाडा, मिठाच्या दाण्यांनी घासा, ओल्या फडक्यानं पुसा आणि सावलीत, वाऱ्यात, उभी करून दोन दिवस वाळवा. कडक उन्हातही तडा जातो. मग खोबरेल कोमट करून चोळा. लवकर खवट होत नाही म्हणून खोबरेल. लाटणं, पोळपाट, रवी, डाव यांनाही हेच. आणि काठवट मापानं मोठी असेल तर तिला कपाटात कोंबू नका, भिंतीला खुंटीवर टांगा. मागून वारा खेळला पाहिजे.

आता स्टील. सगळं मोडीत घालून स्टील घेऊ का, या प्रश्नाला दुकानदार म्हणून मी हो म्हणायला हवं. पण रोजची ताटं, वाट्या, डबे स्टीलचे असावेत, बाकी नको, असं माझं म्हणणं. घेताना लोक लोहचुंबक घेऊन येतात. चिकटलं तर हलकं, नाही चिकटलं तर भारी असं धरून. ते चूक आहे. स्टीलच्या ३०४ जातीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, तिला लोहचुंबक सहसा चिकटत नाही. पण स्वस्त २०२ लाही तसंच चिकटत नाही. म्हणजे नुसत्या लोहचुंबकानं काहीच ठरत नाही. शिक्का बघा, वजन बघा, ओळखीच्या दुकानातून घ्या. आणि थंड पाण्यात मीठ टाकून पातेलं तसंच ठेवू नका, तळाशी सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात. पाणी उकळलं की मीठ. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी असतील तर त्यात आंबट आणि खायचा सोडा दोन्ही नको, आंबटानं धातू पदार्थात उतरतो आणि सोड्यानं भांडी काळी पडतात.

कपाट. पाऊस आपल्याकडे पश्चिमेकडून मारतो. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला हात लावून बघा, ऑगस्टमध्ये ती गार आणि दमट लागेल. त्या भिंतीला भांड्यांचं कपाट नको. सिंकखाली नको, गॅसवरचा माळा तर नकोच. आतल्या भिंतीला, भिंतीपासून दोन बोटं सोडून, जाळीच्या दाराचं किंवा बिनदाराचं लावा. सनमायकाचं बंद कपाट दिसायला देखणं, पण आत एक ओलं भांडं गेलं की बाकीची दहाही भोगतात. सुताराला सांगून फळ्यांना मधे फटी ठेवून घ्या, जुन्या मांडणीसारख्या पट्ट्यांच्या. जड खाली: कढई, पातेली. ताटं मधल्या फळीवर उभी. वर हलकं.

गावाकडं मडक्यांची उतरंड असायची, मोठ्यावर लहान, लहानावर आणखी लहान. पातेल्यांची उतरंड करायला हरकत नाही, फक्त मधे कापड घाला आणि झाकण लावून ठेवू नका. बंद झाकणाखालचा वास तुम्हाला आलाच असेल. ओला बिडाचा तवा स्टीलच्या ताटावर ठेवू नका, ताटाला गंजाचे डाग लागतात. ओलं तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकवून ठेवलं तर लोखंड जास्त लवकर गंजतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीही नको. चांदीची एखाद-दुसरी वाटी असेल तर ती सुती कापडात, खडूचा तुकडा सोबत ठेवून. रबरबँड लावलात तर जिथं रबर तिथं काळा पट्टा. सिलिका जेलच्या पुड्या बंद डब्यात चालतात, पण त्या ओल पिऊन भरल्या की पुन्हा तापवून वाळवाव्या लागतात, आणि हे कुणी करत नाही.

थोडक्यात तुमच्यासाठी: तवा, मधलं पातेलं, एक घागर आणि दोन ताटं रोजच्या वापरात. बाकीची जाळीच्या कपाटात, आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा, ऊन पडलेल्या दिवशी, सगळी बाहेर काढून गॅलरीत तासभर. ती गॅलरीत मांडली की शेजारणी बघायला येतात, हा वेगळा उपद्रव.

राहिला बंब. फ्लॅटमध्ये त्याचा उपयोग नाही आणि तो अर्धी गॅलरी खातो, तेव्हा तो द्यायचा म्हटलात तर मी अडवणार नाही. फक्त मोडीत घालताना आतली लोखंडी जाळी आणि पितळी तोटी आधी काढून घ्या. तांब्याचा भाव पितळेपेक्षा जास्त आणि लोखंडाच्या कितीतरी पट असतो, आणि एकत्र तोललं की सगळं स्वस्तातल्या भावानं जातं. वजन घरून करून न्या. राख आणि चुना आत साठलेला असतो, तो आधी झाडून काढा, नाहीतर दुकानदार त्याच्या नावानं पाव किलो कापतो. तोटी मात्र विकू नका. आमच्याकडं एकीनं ती मातीच्या माठाला बसवून घेतलीय. तुमच्याकडं खानापूरचा माठ असेलच.